कागदावरचे वजन कोणी शोधले? हाताने काढलेल्या ॲनिमेशनच्या इतिहासातील एका सोयीस्कर दंतकथेचा पंचनामा

१/२६
ॲनिमेशनच्या इतिहासाविषयी एक कथा वारंवार सांगितली जाते. तिचा गोषवारा असा : आरंभीच्या व्यंगचित्रपटांतील पात्रे रबरी नळ्यांसारखी लवलवत असत, त्यांना ना हाडे होती, ना वजन. मग १९३०च्या दशकात वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने बारा तत्त्वे शोधली आणि कागदावरच्या रेषेला प्रथमच वजन आले. कथा सुटसुटीत आहे. तिला नायक आहे, आरंभ आहे, सुखान्त शेवटही आहे. दोष एवढाच की तिचा अर्धा भाग खोटा आहे, आणि जो अर्धा खरा आहे त्याचे श्रेय भलत्याच खात्यावर जमा झाले आहे. #इतिहास #ॲनिमेशन #थ्रेड

२/२६
एवढ्याशा गोष्टीवरून वाद कशाला, असे कोणी विचारील. वाद यासाठी की एखाद्या कलेचा इतिहास एका व्यापारी नावाला चिकटवला की तीन गोष्टी एकदम नाहीशा होतात : त्या नावाआधीचे लोक, त्या नावाखाली राबलेले लोक, आणि ती कला शिकता येते हा विश्वास. आज पेन्सिल हाती धरणाऱ्या मुलाला वाटते की वजन ही कुणा श्रीमंत स्टुडिओच्या तिजोरीतील वस्तू आहे. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो.

३/२६
आधी संज्ञा स्पष्ट करावी. रेखाचित्राला वजन नसते. हत्तीचे चित्र आणि उंदराचे चित्र एकाच कागदावर, एकाच शाईने काढलेले असते. हत्ती कितीही मोठा काढला, त्याच्या कातडीवर कितीही सुरकुत्या दाखवल्या, तरी तो हलू लागताच फुग्यासारखा तरंगू शकतो. कारण प्रेक्षकाचा डोळा वजन आकारावरून ओळखत नाही. तो ते काळावरून ओळखतो. वस्तू हलायला किती वेळ लागला, थांबायला किती वेळ लागला आणि थांबताना तिने आजूबाजूच्या कशाला हादरवले, यांच्या हिशेबाला पडद्यावर वजन म्हणतात.

४/२६
हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. उंचावरून सोडलेला चेंडू पहिल्या ६ चौकटींत सुमारे ३१ सेंटिमीटर खाली येतो. १२ चौकटींअखेर सव्वा मीटरच्या आसपास. २४ चौकटींअखेर ४.९ मीटर. समान कालखंडांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात वाढत जातात. गॅलिलिओने सतराव्या शतकात मांडलेला हा नियम प्रत्येक ॲनिमेटरच्या कागदावर लहानलहान खुणांच्या रूपाने उतरतो. खुणा सारख्या अंतरावर पडल्या की चेंडू पडत नाही; तो दोरीने सोडल्यासारखा खाली सरकतो.

५/२६
आता गंमत पाहावी. लोखंडी गोळा आणि क्रिकेटचा चेंडू एकाच उंचीवरून सोडले, तर दोघेही जवळजवळ एकाच वेळी जमिनीवर पोहोचतात. म्हणजे पडण्याच्या रेखाचित्रांत दोघांमध्ये भेद जवळपास नाहीच. भेद आहे तो पडल्यानंतर. चेंडू उसळतो, गोळा जागीच रुततो. चेंडूखालची धूळ जेमतेम हलते, गोळ्याखालची फळी वाकते. आणि भेद आहे तो पडण्याआधीही : चेंडू दोन बोटांनी उचलला जातो, गोळ्यासाठी गुडघे वाकवावे लागतात. वजन पडण्यात नसते; ते आधीच्या तयारीत आणि नंतरच्या परिणामात असते.

६/२६
बाजार समितीत धान्याचे पोते पाठीवर घेणारा हमाल पाहिला की हे सारे एका दृष्टिक्षेपात कळते. पहिल्या झटक्याला पोते हलत नाही. मग पाय फाकतात, कंबर खाली जाते, श्वास अडतो आणि पोते जमीन सोडते. पाठीवर आल्यावर शरीर पुढे झुकते, कारण तोल सांभाळायचा तर भाराचा मध्य पावलांच्या वर यावाच लागतो. चाल आखूड होते, पाऊल पूर्ण टेकते. यातला एकही टप्पा गाळला तर पोत्यात धान्याऐवजी कापूस भरल्यासारखा वाटतो. हे पाहण्यासाठी स्टुडिओ लागत नाही. डोळे आणि चिकाटी लागते.

७/२६
डिस्ने यांच्या कितीतरी आधी हे दोन्ही गुण एका माणसापाशी होते. विन्सर मॅके हे अमेरिकेतील वृत्तपत्रांचे चित्रकार. १९११ मध्ये त्यांनी आपल्या ‘लिटल निमो’ या चित्रमालेतील पात्रांना पडद्यावर हलवले. १९१२ मध्ये डासावर चित्रपट केला : झोपलेल्या माणसाचे रक्त पिणारा डास घोटाघोटाने फुगतो, त्याचे पोट जडावत जाते आणि अखेरीस तो फुटतो. विषय विनोदी आहे. पण विनोद उभा आहे तो वाढत्या वजनावर. पोट जड वाटले नसते, तर फुटण्यात हसण्यासारखे काही उरले नसते.

८/२६
मग १९१४ साली आली ‘गर्टी’. मॅके रंगमंचावर उभे राहत आणि पडद्यावरच्या डायनोसॉर मादीला आज्ञा देत. ती पाय उचले, हट्ट करी, रागावल्यावर रडे, तळ्याचे पाणी पिऊन टाकी. श्वासागणिक तिचे अंग खालीवर होते. उभी असताना ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत डुलते. पडद्यावर सारेच रेषांचे असूनही तिचे पाऊल जमिनीवर टेकते, जमिनीवरून घसरत नाही. ‘रेषेला प्रथमच वजन १९३०च्या दशकात आले’ असे म्हणणाऱ्यांनी हा एकच चित्रपट लक्षपूर्वक पाहावा. तो डिस्ने स्टुडिओच्या स्थापनेच्या ९ वर्षे आधीचा आहे.

९/२६
मॅके यांची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. हालचालीतील मुख्य अवस्था आधी काढायच्या, मधली चित्रे नंतर भरायची. डायनोसॉरचा श्वास किती चित्रांत बसवावा हे ठरवण्यासाठी त्यांनी स्वतःच्याच श्वासाचा वेळ मोजला. पारदर्शक पत्रे त्यांच्या वापरात तेव्हा नव्हते; म्हणून पात्राबरोबर डोंगर, झाड, तळे हेही प्रत्येक कागदावर पुन्हा काढावे लागे, आणि ते काम जॉन फिट्झसिमन्स या तरुण साहाय्यकाने केले. हजारो कागदांवर तोच डोंगर तंतोतंत त्याच जागी बसवण्याचे हे काम. जमीन स्थिर राहिली, म्हणून पाऊल जड वाटले.

१०/२६
मग हे ज्ञान १९२०च्या दशकात गेले कुठे? उत्तर कलेत नाही, अर्थकारणात आहे. मॅके यांनी आपली पद्धत गुप्त ठेवली नाही, तिचे एकस्वही घेतले नाही. जॉन ब्रे यांनी मात्र १९१४ पासून चित्रनिर्मितीच्या तंत्रांची एकस्वे घेतली आणि पुढे मॅके यांच्यावरच दावा लावला. तो टिकला नाही. अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांचे एकस्व मिळवले. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची, हलणारा भाग तेवढा वेगळ्या पत्र्यावर काढायचा. श्रम वाचले. आणि श्रम वाचताच चित्रगृहांनी थोड्या दिवसांत नवा चित्रपट मागायला सुरुवात केली.

११/२६
रबरी नळीसारखे हात हे अज्ञानाचे लक्षण नव्हते. ती वेळापत्रकाशी केलेली तडजोड होती. कोपर काढायचा म्हटला की कोपराचे कोन, खांद्याचा तोल, मनगटाची दिशा असे सारेच काढावे लागते. नळीला कोपर नसतो. गोल डोके, गोल पोट आणि वाकणाऱ्या चार रेषा यांतून पात्र पटकन तयार होते. शिवाय त्या अडचणीतून एक स्वतंत्र सौंदर्यही जन्मले : ओटो मेस्मर यांचा ‘फेलिक्स’ मांजर आपली शेपटी काढून तिची काठी किंवा प्रश्नचिन्ह बनवी. त्याला वजन असते तर ही जादू अवघडली असती. त्या दशकाला ‘अप्रगत’ ठरवून मोकळे होणे हा अन्याय आहे.

१२/२६
म्हणून क्रम असा : वजन सापडले, मग घाईत हरवले, आणि पुढे पुन्हा मिळवावे लागले. दंतकथेतील ‘शोध’ हा वस्तुतः पुनर्शोध आहे. शोध आणि पुनर्शोध यांतील फरक केवळ शाब्दिक नाही. शोधाचा मालक असू शकतो. पुनर्शोध मात्र सिद्ध करतो की ज्ञान जपण्याची व्यवस्था नसेल, तर ते एका पिढीतही नष्ट होते. मॅके यांच्यानंतर ते ज्ञान पुढे नेणारी शाळा नव्हती, पुस्तक नव्हते, कामाला लावलेला शिष्यवर्ग नव्हता. एका माणसाचे कसब त्या एका माणसापाशीच राहिले.

१३/२६
आता दुसरी दंतकथा, जी पहिलीहून अधिक घातक आहे : ‘खरी हालचाल हवी तर खऱ्या माणसाचे चित्रीकरण करून ते गिरवावे.’ यासाठीचे यंत्र जुने आहे. मॅक्स फ्लायशर यांनी रोटोस्कोपच्या एकस्वासाठी १९१५ मध्ये अर्ज केला आणि १९१७ मध्ये ते मिळवले. विदूषकाचा पोशाख घातलेले त्यांचे भाऊ डेव्ह यांचे चित्रीकरण चौकटीचौकटीने काचेवर प्रक्षेपित होई आणि त्यावरून ‘कोको’ विदूषक रेखाटला जाई. १९३२ मध्ये गायक कॅब कॅलोवे यांची नाचरी चालही अशीच पडद्यावर आली. परिणाम विलक्षण होता, हे नाकारण्याचे कारण नाही.

१४/२६
पण विलक्षण आणि वजनदार हे समानार्थी शब्द नव्हेत. गिरवताना हाती येते ती शरीराची बाह्यरेषा. शरीर आतून कुठे दाबले गेले, कुठे ताणले गेले, हे बाह्यरेषेत पुरते उमटत नाही. छायाचित्रात ही उणीव प्रकाश, सावली आणि कातडीचा पोत भरून काढतात. रेषेपाशी त्यांतले काहीच नसते. म्हणून तंतोतंत गिरवलेला माणूस पुष्कळदा पाण्याखाली चालल्यासारखा भासतो. ज्या हालचालीत सत्याचा प्रत्येक कण उतरला, तीच खोटी दिसते. शिवाय एक साधा प्रश्न उरतोच : मॅके यांनी डायनोसॉर कुणाच्या चित्रीकरणावरून गिरवला असता?

१५/२६
याचा पुरावा डिस्ने यांच्याच पहिल्या दीर्घ चित्रपटात आहे. ‘स्नो व्हाइट’ २१ डिसेंबर १९३७ रोजी प्रथम दाखवला गेला. नायिकेसाठी नर्तकी मार्जोरी बेल्चर यांचे चित्रीकरण केले होते. बुटक्यांची हालचाल मात्र मुख्यतः ॲनिमेटरांच्या कल्पनेतून घडली. दोघांना शेजारी ठेवून पाहावे. नायिका सुंदर आहे, पण तिची पावले जमिनीला हलकेच स्पर्श करून जातात. बिल टायटला यांनी हाताळलेला रागीट बुटका ‘ग्रम्पी’ चालतो तेव्हा त्याचा हट्टसुद्धा टाचांतून जाणवतो. चित्रीकरणाचा आधार होता ती हलकी, आणि आधार नव्हता तो जड. नायिकेचे जे प्रसंग जिवंत झाले, तेही हॅम लस्क आणि ग्रिम नॅटविक यांच्यासारख्यांनी चित्रीकरण बाजूला सारून नव्याने रेखाटल्यामुळे.

१६/२६
१९४० च्या ‘फँटेसिया’त डोंगरमाथ्यावर पंख उघडणारा राक्षस चेर्नाबोग टायटला यांनीच रेखाटला. त्यासाठी ‘ड्रॅक्युला’फेम नट बेला लुगोसी यांना बोलावून चित्रीकरणही झाले, टायटला यांना ते पसंत पडले नाही आणि त्यांनी दिग्दर्शक विल्फ्रेड जॅक्सन यांना उघड्या अंगाने उभे करून हवी ती हालचाल पाहून घेतली. पडद्यावरचा राक्षस मात्र त्या दोघांपैकी कुणाचीच नक्कल नाही. पर्वताएवढे शरीर माणसाच्या वेगाने हलले तर ते माणसाएवढेच वाटते. म्हणून तो सावकाश उलगडतो. वेग कुठून आणायचा हे टायटला यांना चित्रीकरणाने सांगितले नाही, समजुतीने सांगितले.

१७/२६
निरीक्षण आणि नक्कल यांतला हा भेद ‘बँबी’च्या (१९४२) तयारीत आणखी स्पष्ट होतो. स्टुडिओच्या आवारात जिवंत हरणे ठेवली होती. रिको लेब्रन या चित्रकाराने मेलेल्या पाडसाचे विच्छेदन करून हाडे, स्नायू आणि सांधे ॲनिमेटरांना समजावले. हरीण कसे दिसते हा तिथे प्रश्नच नव्हता. ते कसे उभे राहते, त्याचा भार कोणत्या सांध्यावर येतो, घसरताना कोणता पाय आधी सुटतो, हे जाणायचे होते. ज्याला सांगाडा ठाऊक आहे, तो कधीही न पाहिलेली हालचाल काढू शकतो. गिरवणारा केवळ पाहिलेलीच काढतो.

१८/२६
मग डिस्ने यांचे खरे योगदान कोणते? ते मोठे आहे, आणि दंतकथेत नेमके तेच सांगितले जात नाही. त्यांनी शाळा काढली. नोव्हेंबर १९३२ मध्ये डॉन ग्रॅहम हे चित्रकला शिक्षक स्टुडिओत येऊन संध्याकाळचे वर्ग घेऊ लागले. नोकरी करणारी माणसे दिवसभराच्या कामानंतर जिवंत मॉडेल समोर ठेवून रेखाटत. डिसेंबर १९३५ मध्ये डिस्ने यांनी ग्रॅहम यांना प्रदीर्घ टिपण पाठवून शिक्षणाची पद्धतशीर आखणी मागितली. मॅके यांच्यापाशी जे नव्हते ते हेच : पुढच्या माणसाला शिकवण्याची व्यवस्था आणि तिच्यावर खर्च करण्याची तयारी.

१९/२६
दुसरे योगदान होते चुका पाहण्याची सोय. कच्ची पेन्सिल-चित्रे शाई-रंगाआधीच चित्रित करून लहानशा कोंदट खोलीत पाहिली जात. त्या खोलीचे नाव ‘स्वेटबॉक्स’, म्हणजे घाम फोडणारी पेटी. साहेबांसमोर सर्वांच्या देखत काम तपासले जाई आणि पुन्हा काढले जाई. सरावासाठी पिठाचे अर्धे भरलेले पोते होते : ते आनंदी, दुःखी, थकलेले दाखवायचे, पण त्यातले पीठ कमी-जास्त होऊ द्यायचे नाही. दाबले तर रुंद, ताणले तर उंच, घनफळ तेवढेच. १९३४ च्या ‘गॉडेस ऑफ स्प्रिंग’मधील नायिकेचे हात अजून नळीसारखेच होते. तीन वर्षांत ‘स्नो व्हाइट’पर्यंतचा पल्ला गाठला गेला तो या घोकंपट्टीने, दैवी प्रेरणेने नव्हे.

२०/२६
आणि ती सुप्रसिद्ध बारा तत्त्वे? दाब आणि ताण, पूर्वतयारी, कमानी, वेळेचे भान वगैरे बारा कलमांची आज घोकली जाणारी यादी फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांच्या १९८१ च्या पुस्तकातून जगभर पोहोचली. म्हणजे ‘स्नो व्हाइट’नंतर ४४ वर्षांनी. त्यांतल्या पुष्कळ संज्ञा १९३०च्या दशकात स्टुडिओत बोलल्या जात होत्या, हे खरे; पण आधी नियम आणि मग चित्रे असा क्रम नव्हता. आधी फसलेली चित्रे, मग सुधारलेली चित्रे, मग कामावरची बोली आणि शेवटी पुस्तक. निवृत्त कारागिरांनी कृतज्ञतेने लिहिलेल्या नोंदींना पुढच्या पिढ्यांनी स्मृतिग्रंथासारखे डोक्यावर घेतले.

२१/२६
श्रेयाच्या वाटपातील अन्याय इथेच थांबत नाही. टायटला यांनी ‘डंबो’मधील हत्तीचे पिल्लू आपल्या लहान मुलाच्या हालचाली पाहून रेखाटले, रडू आणणारा तो कोवळा भार त्यांचाच. तो चित्रपट तयार होत असतानाच, २९ मे १९४१ रोजी, स्टुडिओत संप सुरू झाला. कारणे वेतनातील विषमता, श्रेयनामावलीचा अभाव आणि संघटनेचा हक्क. आघाडीचे ॲनिमेटर आर्ट बॅबिट यांना संघटनेच्या कामावरून काढून टाकले होते. स्वतः उत्तम पगार असूनही टायटला संपकऱ्यांबरोबर उभे राहिले. १९४३ मध्ये त्यांनी स्टुडिओ सोडला. दंतकथेत हा संप क्वचितच येतो. आला तरी ‘कठीण काळ’ या दोन शब्दांत उरकतो.

२२/२६
आणि शाई-रंगाच्या विभागातील स्त्रिया? ॲनिमेटरची पेन्सिलरेषा पत्र्यावर शाईने उतरवण्याचे काम त्या करत. रेषा केसभर जरी सरकली तरी पडद्यावर आकार थरथरतो, आणि थरथरणारे शरीर जड वाटत नाही. म्हणजे वजनाचा शेवटचा हमीदार त्यांचा हात होता. तरीही १९३८ मध्ये एका उमेदवार तरुणीला स्टुडिओने छापील साच्यातून कळवले की स्त्रिया सर्जनशील कामात घेतल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी शाई आणि रंगच. रेटा स्कॉट यांना ‘बँबी’त शिकारी कुत्र्यांसाठी ॲनिमेटर म्हणून नाव मिळाले, तेही अपवाद म्हणून. १९६१ मध्ये झेरॉक्सच्या तंत्राने पेन्सिलरेषा थेट पत्र्यावर उमटू लागली आणि हाताने शाई करणाऱ्या बहुतेकींची गरज संपली.

२३/२६
तिसरी दंतकथा पैशाची : जितकी अधिक चित्रे तितके अधिक वजन. जपानने ती मोडीत काढली. ओसामु तेझुका यांच्या स्टुडिओने १ जानेवारी १९६३ पासून ‘ॲस्ट्रो बॉय’ दूरचित्रवाणीवर आणले, तेव्हा चित्रांची संख्या जितकी कमी करता येईल तितकी केली होती. त्याच काटकसरीत वाढलेल्या पिढीने १९७८ मध्ये ‘फ्यूचर बॉय कॉनन’ केले. दिग्दर्शन हायाओ मियाझाकी यांचे, ॲनिमेशनची सूत्रे यासुओ ओत्सुका यांच्याकडे. तिथला मुलगा उडी मारण्याआधी दबतो, पडल्यावर क्षणभर थिजतो, धावताना पुढे कलतो. चित्रे मोजकी, पण प्रत्येक योग्य क्षणी. थांबलेले एक चित्रही वजन सांगू शकते, जर ते नेमके तिथेच थांबले तर.

२४/२६
या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यांना चौकटीचौकटीने हलवले. पण त्यामागून परंपरा उभी राहिली नाही. ती उभी राहिली ती फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात. १९५६ मध्ये क्लेअर वीक्स तिथे आले : मिशनरी आईबापांच्या पोटी भारतात जन्मलेले, डिस्ने स्टुडिओत काम केलेले ॲनिमेटर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली जातककथेवरील ‘द बनियन डिअर’ (१९५७) तयार झाला. तिथेच शिकलेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे आधारस्तंभ ठरले आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी युगो साको यांच्या भारत-जपान ‘रामायण’पटाचे सहदिग्दर्शक झाले. विद्या आली ती यंत्रातून नव्हे, पुस्तकातूनही नव्हे : एका मेजावरून शेजारच्या मेजावर.

२५/२६
इथे प्रतिपक्षाचा एक आक्षेप रास्त आहे. ‘पैसा, जागा, शिक्षक, वेळ हे सारे डिस्ने यांनी पुरवले, मग श्रेय त्यांना का नको?’ अवश्य द्यावे. पाठशाळा काढणाऱ्याला पाठशाळेचे श्रेय मिळालेच पाहिजे. पण व्याकरण ज्याने शिकवले, त्याने भाषा निर्माण केली असे कोणी म्हणत नाही. शिवाय पाठशाळेचा मान राखायचा तर तिच्यातील गुरूंची आणि विद्यार्थ्यांची नावे घ्यावी लागतात : ग्रॅहम, टायटला, बॅबिट, लेब्रन, स्कॉट आणि शाईच्या दौतींपुढे बसलेल्या त्या असंख्य अनामिका. एकाच नावाची पाटी लावून या सर्वांना आत कोंडणे हा इतिहास नव्हे, ती जाहिरात आहे.

२६/२६
निष्कर्ष तीन. वजन १९१४ मध्येही पडद्यावर होते. ते जपणारी व्यवस्था नव्हती. वजन नकलेतून येत नाही. ते कारण समजून घेतल्याने येते. आणि वजन चित्रांच्या राशीत नसते. ते त्यांच्या मधल्या अंतरात असते. ज्या तरुणाला हे पडताळायचे असेल, त्याला काही कोरे कागद, एक पेन्सिल आणि १, ३, ५, ७ हे चार आकडे पुरेसे आहेत. आधी चेंडू पाडावा, मग लोखंडी गोळा पाडावा. दोन्ही वेगळे वाटेपर्यंत पुन्हा पाडावे. तो दिवस उगवला की बारा तत्त्वे पाठ आहेत की नाहीत, हा प्रश्नच उरणार नाही. तोवर पुढच्या वेळी ‘वजन अमक्याने शोधले’ असे वाक्य समोर आले, तर त्याखाली एकच नाव लिहावे : गर्टी.